पिवळीचं बी

चारशे बारावं फूलही पोकळ निघालं.

सानिका गोंजारीनं चिमटा टेबलावर टाकला. भिंगाखाली पिवळीच्या वाळक्या फुलाचा गेंद उघडा पडला होता. त्यात दीडेकशे टरफलं दाटीवाटीनं बसली होती आणि एकातही दाणा नव्हता. अंगठ्यानं दाबलं की टरफल चपटं व्हायचं. गेली बावीस वर्षं ती अशी टरफलं दाबत होती. बावीस वर्षं म्हणजे काही थट्टा नाही. एवढ्या काळात माणसं संसार करून, मुलांची लग्नं लावून मोकळी होतात. हिच्या हाताला एक भरलेला दाणा लागला नव्हता.

"डोंबल माझं!" ती म्हणाली आणि तिनं गेंद कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावला. तो डब्यात न पडता बाहेर पडला.

"नेमसुद्धा गेला वाटतं," पलीकडच्या टेबलावरून फैयाज मुजावर म्हणाला. फैयाज वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यासक. झाडातली साखर कुठून निघते आणि कुठं जाते, हे मोजण्यात त्याची हयात गेली होती. तो सानिकाच्या बरोबरच या बारमाही पीक केंद्रात रुजू झाला होता, त्यामुळे तिला चिडवण्याचा हक्क त्यानं परस्परच घेऊन टाकला होता.

"तू गप्प बस. आज तो देशमाने येतोय आढावा घ्यायला. काय दाखवू त्याला? हा कचरा?"

"माळ दाखव."

माळ खिडकीतून दिसतच होता. सन २०६७ चा भाद्रपद लागला होता आणि नजर पोचेल तिथपर्यंत अकरा हजार एकर पिवळेधमक झाले होते. माणदेशातल्या या माळावर पूर्वी कुसळाशिवाय काही उगवत नसे. मग डॉ. मिलिंद तारळेकरांनी सूर्यफूल आणि डोंगरातलं एक रानटी पिवळं फूल यांचा प्रयोगशाळेत संकर केला. त्यातून जे झाड आलं, त्याचं सरकारी नाव माणसुवर्णा. ते नाव कागदाबाहेर कुणी घेतलं नाही. लोक पिवळीच म्हणत.

पिवळी छातीइतकी उंच वाढायची. पाल्यावर शेळ्यामेंढ्या जगायच्या. पण तिची खरी करामत जमिनीखाली होती. दरसाल तिचं मूळ फूटभर आणखी खाली जाई, मुरूम फोडून वीस-वीस फुटांवर पोचे. त्या वाटेनं पावसाचं पाणी खाली मुरे. माळाच्या पायथ्याच्या एकोणीस गावांतल्या विहिरींना आता वैशाखातही पाणी असायचं, ते या मुळांमुळे. एकदा लावली की पुन्हा लावायला नको. बावीस वर्षांपूर्वीचे पहिले ताटवे अजून तसेच उभे होते.

एवढं सगळं होतं. फक्त बी नव्हतं.

संचालक ओंकार देशमाने अकराच्या सुमाराला आले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. आधी कालव्यांची कामं बघायचा, त्यामुळे दार उघडलं की पाणी आलं पाहिजे, अशी त्याची समजूत.

"मॅडम, मला साधं सांगा," खुर्चीत टेकता टेकता ते म्हणाले. "एवढी फुलं येतात, मधमाश्या घोंगावतात, मग बी का धरत नाही?"

हा प्रश्न सानिकाला आजवर सहा संचालकांनी विचारला होता. तिनं दातओठ न खाता उत्तर द्यायचं ठरवलं.

"साहेब, प्रत्येक झाडाच्या परागकणावर त्या झाडाची एक रासायनिक खूण असते. मधमाशी पराग आणून फुलावर टाकते, तेव्हा फूल ती खूण तपासतं. खूण आपल्याच झाडाची निघाली, तर फूल परागाला आत घेत नाही. परक्या झाडाची असेल तरच घेतं. सूर्यफुलाच्या कुळात हे सर्रास असतं. याला आम्ही स्व-नकार म्हणतो."

"एका गोत्रात लग्न नाही, त्यातला प्रकार," फैयाजनं पुरवणी जोडली.

"मग अकरा हजार एकरांत परकं झाड नाही?"

"परकं येणार कुठून? आपण पिवळी लावतो कशी? हळदीसारखी. गड्डा फोडायचा, डोळा असलेले तुकडे करायचे, लावायचे. एका गड्ड्याचे तुकडे म्हणजे तेच झाड. तारळेकर सरांकडे संकरातून सात रोपं आली होती. त्यांनी चौथं निवडलं आणि त्याचेच तुकडे माळभर लावले. अकरा हजार एकरांवर एकच झाड आहे ते."

"आणि उरलेली सहा रोपं?"

"भेसळ म्हणून जाळली," सानिका म्हणाली. बियाण्याच्या प्लॉटात वेगळं दिसणारं रोप उपटून जाळायचं, ही तारळेकरांची शिस्त होती. शुद्धतेचं त्यांना वेड होतं. चौथ्याचं पान रुंद, मुळाची वाढ जोरदार. बाकीची कशाला हवीत? झालं. सहा परकी झाडं चुलीत गेली आणि नऊ वर्षांपूर्वी सरही गेले. मागं राहिली त्यांची विद्यार्थिनी, त्या एका झाडाचं मन वळवत.

तिनं काय काय केलं नव्हतं! फूल उमलण्याआधी, खुणेचं कुलूप बसायच्या आत, कळीत पराग घातले. कर्बवायूच्या पेटीत फुलं कोंडली. मिठाचं पाणी फवारलं. सूर्यफुलाचे मेलेले पराग मिसळून फुलाला फसवायला पाहिलं. पिवळी फसली नाही. तोच संकर पुन्हा करून पाहिला, तर डोंगरातलं ते रानटी फूल तोवर खाणीखाली गेलं होतं.

"मॅडम," देशमाने म्हणाले, "हातानं डोळे लावून एवढा माळ व्हायला बावीस वर्षं लागली. शेजारच्या चार जिल्ह्यांतून मागणी आहे. बी असतं तर आकाशातून पेरलं असतं, दोन वर्षांत झालं असतं. मी वर काय सांगू? या हंगामात बी दाखवा. नाहीतर तुमचा विभाग बंद करून दुसरं एखादं गवत घ्यावं लागेल."

ते गेल्यावर सानिकानं पुढचा गेंद भिंगाखाली ओढला. राग कुणावर काढायचा, तेच कळेना. देशमान्यांचं चूक नव्हतं. पिवळीचंही नव्हतं. गेलेल्या माणसावर राग काढून उपयोग काय?

*

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी ती कोमलबाई खरातांकडे हळदीकुंकवाला गेली. कोमलबाई केंद्राच्या मुकादम. वय त्रेसष्ट, आवाज असा की एका बांधावरून दुसऱ्या बांधावर फोन लागायला नको. पहिल्या दिवसापासून पिवळीच्या लावणीवर त्यांचीच देखरेख.

सानिकानं गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. गौरीच्या पायाशी तेरड्याबरोबर एक पिवळं फूल होतं. पाकळ्या पिवळीच्या, पण मधला गेंद काळपट तांबडा. माळावरच्या पिवळीचा गेंद पाकळ्यांसारखाच पिवळा असतो. बावीस वर्षं तेच बघणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

"कोमलताई, हे फूल कुठलं?"

"कुठलं म्हंजे? पिवळीचं."

"पिवळीचा गेंद असा असतो?"

कोमलबाईंनी एकदा गौरीकडं पाहिलं, एकदा दाराकडं. "न्हाणीमागची हाय ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हळू आवाजात बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

न्हाणीच्या मागं, सांडपाण्याच्या चरीवर, झाड उभं होतं. पान चिंचोळं, लवदार. अंगावर पन्नासेक फुलं. सानिका चरीच्या काठावरच बसली.

"सायबांनी सा रोपं दिलती उपटून जाळायला," कोमलबाई सांगू लागल्या. "पाच जाळली. ह्ये असं तरतरीत हुतं, माजा जीवच झाला न्हाई. पदराखाली आनलं आन हितं लावलं."

"आणि मला सांगितलं नाहीत? बावीस वर्षं! रोज सकाळी माझ्यासमोर उभ्या राहत होतात की हो!"

"भ्या वाटायचं. सायबांनी कामावरनं काडलं आसतं."

"साहेब जाऊन नऊ वर्षं झाली!"

"तवर इसरून गेले. आन तुमी तरी कवा इचारलं? तुमी आपलं भिंगात बघत बसायचा."

या बाईच्या थोबाडीत मारावी की तिला मिठी मारावी, हे सानिकाला ठरवता येईना. शेवटी तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"पण मग याचे पराग आजवर माळावर कसे आले नाहीत? मधमाश्या तर इथंही येत असतील."

"फूल लागतंय कुठं? दरसाली शेळ्या शेंडा खात्यात. औंदा गुडघ्यानं सतावलं, म्हून शेळ्या लेकीकडं धाडल्या. तर ह्ये बघा, कसं फुललंय."

त्याच संध्याकाळी जनुकवाचकानं, म्हणजे पानाच्या तुकड्यावरून झाडाची सगळी कुंडली मांडणाऱ्या यंत्रानं, कौल दिला: चौथ्या रोपाचं सख्खं भावंड, पण परागाची खूण वेगळी.

*

केंद्रात एक जाळीघर होतं, बाहेरची माशी आत न येणारं. त्यात पिवळीची चाळीस झाडं होती. सानिकानं न्हाणीमागच्या झाडाचे पराग कुंचल्यानं त्या चाळिसांच्या फुलांवर स्वतः लावले. कुणाला हात लावू दिला नाही. फैयाजनं साखर तपासण्यासाठी काही फुलं मागितली, तेव्हासुद्धा ती वसकली. अखेर बाराव्या दिवशी, कोपऱ्यातल्या तीन झाडांची सगळी फुलं खुडून न्यायला तिनं कशीबशी परवानगी दिली.

अठराव्या दिवशी तिनं एक गेंद उघडला आणि टरफल दाबलं. ते चपटं झालं नाही. आणखी जोर दिला तेव्हा फुटलं आणि अंगठ्यावर पांढरं दूध आलं.

सानिका रडली. लपूनछपून नाही, चांगली हुंदके देऊन रडली. फैयाजनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि स्वतःचा चष्माही पुसला.

"आता एक कर," तो थोड्या वेळानं म्हणाला. "हा हंगाम जाऊ दे. या चाळीस झाडांचं बी पुरतं पिकू दे, पेरून बघ, मग पुढच्या साली माळाचं बघू."

"आणखी एक वर्ष? फैयाज, माळावर अजून फुलं आहेत. तीन आठवडे राहतील. आत्ता पराग टाकले तर दिवाळीपर्यंत चार जिल्ह्यांना पुरेल एवढं बी निघेल. एक वर्ष थांबले तर विभाग उरणार आहे का?"

"या झाडाला बी धरलेलं आजवर कुणीच पाहिलेलं नाही. म्हणून म्हणतो."

"म्हणूनच तर! मी बघणार आहे ना आता. तू नेहमीचाच रडतराऊत."

फैयाजनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तिला अडवणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याच्याही मनात नव्हतं.

देशमाने तर फोनवर नाचायचेच बाकी होते. त्यांनी दोन दिवसांत सगळी यंत्रणा उभी केली. परागकोशाचा तुकडा काचपात्रात वाढवून हवे तेवढे पराग बनवण्याची सोय पुण्यात होती. तिथून डबे आले. त्यामागोमाग आले परागदूत, अंगठ्याएवढी उडती यंत्रं, मधमाशीसारखी फुलाफुलावर टेकून पराग ठेवणारी. जाळीघरातल्या परागणापासून विसाव्या दिवशी त्यांचे थवे माळावर सुटले. चार दिवसांत अकरा हजार एकर झाले. गावांतली माणसं बघायला आली. कुणी पेढे वाटले. सानिका चारही दिवस उन्हात उभी होती आणि इतकी खुश होती, की कोमलबाईंनी तिची दृष्ट काढली.

*

सव्विसाव्या दिवशी जाळीघरातल्या झाडांची खालची पानं पिवळी पडली.

"करपा," सानिका म्हणाली आणि तिनं औषध फवारलं. अठ्ठाविसाव्या दिवशी मधली पानं गेली. तिनं माती तपासली. तिसाव्या दिवशी देठ वाळू लागले. तिनं पानं, देठ, मुळं, सगळ्यांचे तुकडे जनुकवाचकाला दिले. बुरशी नाही. विषाणू नाही. सूत्रकृमी नाही. यंत्र दर वेळी एकच सांगत होतं: झाड निरोगी आहे.

"निरोगी? डोळे फुटलेत याचे!" तिनं यंत्रालाच झापलं.

एकतिसाव्या दिवशी तिनं मूळदर्शक लावला. जमिनीत ध्वनी सोडून मुळांचं चित्र काढणारं ते यंत्र. एरवी पिवळीचं मूळ त्यात जाडजूड, भरीव दिसायचं. आज वीस फुटांपर्यंत नुसत्या पोकळ रेघा होत्या. इतकी वर्षं भरलेलं मूळ दहा दिवसांत रिकामं झालं होतं.

"कुठला तरी नवा मर रोग आहे," ती फैयाजला म्हणाली. डोळे लाल, आवाज बसलेला. "नशीबच फुटकं माझं. बी आलं आणि रोग आला. दोन्ही एकदम यायला हवं होतं का?"

कोमलबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, एक वाळका देठ वाकवून पाहिला, गेंद तळहातावर चोळला, फुंकर मारली. टपोरे काळे दाणे राहिले.

"रोग कसला? पिकलंय की ह्ये."

"काय?"

"पिकलंय म्हनते. घाट्यात दाना भरला की हरबरा वाळतो, करडई वाळती. तवा तुमी रोग झाला म्हनता का? पीक काडायला आलं म्हनता."

"अहो, हरभरा चार महिन्यांचा. ही बारमाही आहे! बावीस वर्षं जगलीय!"

"दाना कुठं भरला हुता बावीस वर्सांत?"

फैयाज वळून जाळीघराच्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथं तीन झाडं उभी होती, हिरवीगार, टवटवीत. बाराव्या दिवशी त्यानं फुलं खुडून नेलेली तीन झाडं. तीच माती, तेच पाणी, तेच पराग. फक्त दाणा नाही.

"सानिका," तो म्हणाला, "मी साखर मोजली होती ना, त्याचा अर्थ मला आत्ता लागतोय. दाणा भरू लागला की तो झाडाला निरोप पाठवतो, सगळं मला दे. झाड पानातलं देतं, देठातलं देतं, मुळातलं देतं. खऱ्या बारमाही झाडाला कुठंतरी थांबता येतं, पुढच्या सालासाठी शिल्लक ठेवता येते. हिला येत नाही. सूर्यफुलाचा स्वभाव हिनं पुरता उचललाय."

"म्हणजे ही बारमाही नाहीच," सानिका म्हणाली. तिचे शब्द एकेक करून बाहेर पडत होते. "एका हंगामाचंच पीक आहे. दाणा धरला नाही म्हणून मरायचं राहून गेलं होतं. सरांनी पाहिलं, दुसऱ्या वर्षी जगली, तिसऱ्या वर्षी जगली. लिहून टाकलं बारमाही. आणि मी... मी बावीस वर्षं हिला मारायचा उपाय शोधत होते."

मग तिला माळ आठवला.

तिनं भिंतीवरच फळ्यासारखं लिहीत हिशेब मांडला. परागण झाल्यावर पंचवीस दिवसांच्या आसपास पानं उतरली. त्याआधी, विसाव्या दिवसापासून, मुळं रिकामी होऊ लागली असणार. माळावरचं परागण विसाव्या ते तेविसाव्या दिवशी. आज एकतीस. माळाच्या पहिल्या फुलांना अकरा दिवस झाले होते.

नऊ दिवस हातात होते. नऊ दिवसांनंतर अकरा हजार एकरांखालची सगळी मुळं एकाच वेळी रिकामी व्हायला लागणार होती, कारण ते सगळं एकच झाड होतं. पुढच्या पावसात मुरूम उघडा पडणार, माती ओढ्याला जाणार, आणि एकोणीस गावांच्या विहिरी पुन्हा तळ दाखवणार.

*

"मॅडम, बी हवं म्हणून तुम्हीच बसला होतात ना हटून?" पडद्यावर देशमान्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "दिवाळीला मंत्री बी वाटणार आहेत. झाडं गेली तर गेली, ढिगानं बी येईल, तेच पेरू माळावर!"

"पेरून काय होईल, ऐका. बियांपासून आलेलं प्रत्येक रोप वेगळं, एकमेकांना परकं. ती पहिल्याच वर्षी फुलतील, एकमेकांचे पराग घेतील, दाणे भरतील आणि मरतील. एका वर्षात मूळ फूटभर जातं, साहेब. वीस फूट जायला वीस वर्षं लागतात. आपल्याला फुलं नको होती, मुळं हवी होती. मुळं हवी असतील तर बी नाही. दोन्ही मिळत नाही. मिळत असतं तर मी नसतं का दिलं?"

"समिती बसवतो. दिवाळीनंतर..."

"दिवाळीपर्यंत माळ मेलेला असेल." तिनं फोन बंद केला. आजवर एकाही संचालकाचा फोन तिनं असा बंद केला नव्हता.

उपाय एकच होता आणि तो त्या तीन हिरव्या झाडांनी दाखवला होता. दाणा भरायच्या आत फूल कापायचं. प्रत्येक फूल.

कोमलबाईंनी एकोणीस गावांत निरोप धाडले. पारावर सभा झाली. सानिका बोलायला उभी राहिली आणि लोकांनी तिला नीट फैलावर घेतलं. मधपेट्या ठेवणारे ओरडले. दहा दिवसांपूर्वी पेढे वाटणारा एक जण म्हणाला, "तवा बी यावं म्हनून नाचला, आन आता कापा म्हनता? खुळं समजता व्हय आमाला?"

"चूक माझी आहे," सानिका म्हणाली. "घाई मी केली. शिव्या नंतर द्या, मी ऐकून घेईन. आधी विळे आणा."

तिच्या बोलण्यापेक्षा जाळीघर कामी आलं. कोमलबाईंनी माणसं रांगेनं आत नेली. सदतीस वाळलेली आणि तीन हिरवी झाडं शेतातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाहीत. पेढेवाला बाहेर आला तो विळ्याला धार लावायलाच बसला.

सपाटीवर चारा कापायची यंत्रं फिरली. उतारावर यंत्र चालेना, तिथं माणसं चढली. बायका, म्हातारे, तालमीतली पोरं, शाळांचे मास्तर. आठ दिवस कापणी चालली. कंबरा धरल्या, हाताला फोड आले. माळ वरून खाली पिवळ्याचा हिरवा होत गेला. सानिका रोज पहिल्या रांगेत होती. दर फुलागणिक तिचा संताप व्हायचा: सरांवर, यंत्रावर, सगळ्यात जास्त स्वतःवर. एकेका गेंदात दूध धरलेलं तिला विळ्याला जाणवायचं. हेच तिनं आयुष्यभर मागितलं होतं आणि हेच ती आता खुडून चाऱ्याच्या ढिगावर टाकत होती.

आठव्या दिवशी दुपारी देशमाने आले. बूट धुळीनं माखलेले, बरोबर कुणी नाही. वर काय काय ऐकून घेतलं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मूळदर्शकाचं चित्र मागितलं. मुळं भरीव होती.

"वाचलं म्हणायचं," ते म्हणाले. "सुटलो एकदाचे."

"सुटलो नाही," सानिका म्हणाली. ती बांधावर बसून बोटाची पट्टी बदलत होती. "अकरा हजार एकरांत हजारेक फुलं तरी नजरेतून सुटली असणार. ती पिकतील, दाणे सांडतील, पावसात रोपं येतील. ती सगळी परकी. पुढच्या भाद्रपदात ती फुलली की मधमाश्याच त्यांचे पराग माळभर नेतील. परागदूतांची गरजसुद्धा नाही."

"भेसळ काडू की," कोमलबाई म्हणाल्या. "उगवली की उपटू."

"चिंचोळ्या पानाची उपटता येतील, ताई, पण कित्येकांचं पान पिवळीसारखंच रुंद असेल. तसलं रोप फूल आल्याशिवाय ओळखू येणार नाही, आणि फूल आलं की उशीर झालेला असेल."

कोमलबाईंनी माळावरून नजर फिरवली. "मंग फूलच येऊ द्यायचं न्हाई कुनाला. कळीतच कापायचं. दरसाली."

"हो. दरसाली. आपण आहोत तोवर, आणि आपल्यानंतर जे असतील त्यांनीही."

देशमान्यांनी खिशातून घडीची संगणक-पाटी काढली, विभागाच्या पुढल्या वर्षाचा तक्ता उघडला आणि घसा खाकरला.

"विभाग बंद करता येणार नाही आता," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाचं उद्दिष्ट काय लिहू, मॅडम?"

सानिकानं पट्टीची गाठ दातांनी आवळली.

"लिहा," ती म्हणाली, "एकही दाणा भरू न देणे."

आणि खालच्या उतारावर दोन ताटवे अजून पिवळे दिसत होते, म्हणून ती विळा घेऊन उठली.